पहिली त्सुबा: लोखंडी घ्यावी की शाकुदोची?

जपानी तलवारीचे पाते बाळगण्याचा खर्च आणि नोंदणीची जबाबदारी न पत्करता तिच्या कारागिरीशी रोजचा संबंध ठेवायचा असेल, तर बहुतेकांची सुरुवात त्सुबापासून, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधल्या चकतीपासून होते. टोकियोत राहत असताना ही निवड मी केली आहे. काही काळ दोन्ही प्रकार माझ्या टेबलाच्या खणात शेजारी शेजारी होते, त्यामुळे पुढचे मत मोजमापावर नव्हे, तर सहवासावर आधारलेले आहे.

शाकुदोचे सौंदर्य पहिल्या नजरेत पटते. तांब्यात काही टक्के सोने मिसळून आणि क्षारांच्या द्रावणात उकळून मिळणारा तो निळसर काळा रंग, त्यावर सोन्याचे उठावदार काम, आणि उरलेल्या पृष्ठभागावर नानाको, म्हणजे पोकळ टोकाच्या ठोकणीने एकेक करून उठवलेले माशाच्या अंड्यांएवढे दाणे. पंधराव्या शतकात शोगुन, म्हणजे लष्करी शासक, अशिकागा योशिमासा यांच्या पदरी असलेले धातुकारागीर गोतो युजो यांच्यापासून तोकुगावा शोगुनांच्या काळाच्या अखेरपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, गोतो घराण्याने ही शैली सांभाळली. योकोया सोमिन (१६७०–१७३३) यांनी तिची चौकट मोडून कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखे तिरप्या छिन्नीचे कोरीवकाम रूढ केले. या परंपरेतले हात किती तयार होते, हे धातुकारागीर कानो नात्सुओ यांच्यावरून कळते: तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारने नवी नाणी पाडायची ठरवली तेव्हा नमुने कोरण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि १८७६ मध्ये तलवार लावून फिरण्यास बंदी झाल्यावरही त्यांची कला थांबली नाही.

लोखंडी त्सुबा इतक्या लवकर बोलत नाही. ओवारी प्रांताच्या परंपरेतल्या आरपार कोरलेल्या त्सुबा बहुधा बिनसहीच्या असतात. आकृती साधी असते आणि सारा जीव रेषांच्या जाडीत, रिकाम्या जागेच्या आकारात आणि काठावर दिसणाऱ्या तेक्कोत्सुमध्ये, म्हणजे घडणीत उरलेल्या कठीण लोखंडाच्या गाठींमध्ये असतो. हिगो प्रांतात, मुळात बंदुका घडवणाऱ्या घराण्यातल्या हायाशी माताशिची यांच्या कामात लोखंडाला जी मखमली काळी झाक आहे, ती छायाचित्रात जवळजवळ उतरतच नाही. ती हातात घेऊन, खिडकीच्या उजेडात फिरवूनच पाहावी लागते.

मी लोखंड निवडले, ते याच ‘हातात घेण्या’मुळे. शाकुदोचा काळा रंग हा पृष्ठभागावरचा अगदी पातळ थर असतो. बोटांचा घाम त्यावर डाग ठेवतो, आणि वारंवार घासले गेले की नानाकोच्या दाण्यांच्या माथ्यावरचा काळेपणा उडून खालचा तांबूस धातू दिसू लागतो. तो रंग पुन्हा चढवणे घरी होण्यासारखे नाही, आणि जाणकारांच्या हाती सोपवले तरी नव्याने रंगवलेल्या वस्तूकडे संग्राहक थोडे संशयानेच पाहतात. परिणामी ती त्सुबा पाहावीशी वाटली की आधी हात धुवायचे, मग हातमोजे, मग मऊ कापड अंथरायचे. आणि एवढे सारे करण्याचा कंटाळा येऊन मी कित्येक संध्याकाळी तिची पेटी उघडलीच नाही. लोखंडाचे नेमके उलटे आहे. कोरड्या, स्वच्छ हातांनी हाताळून सुती कापडाने चोळत राहिले की त्याची झाक खोल होत जाते, म्हणजे जवळ बाळगणे हीच त्याची निगा ठरते.

लोखंडाचा दोष लपवण्यात अर्थ नाही. जपानमधल्या जूनच्या पावसाळी हवेत त्यावर तांबडा गंज धरतो, आणि वस्तू पुढे मुंबईत किंवा कोकणात न्यायची असेल तर पावसाळाभर लक्ष ठेवावे लागेल. मात्र हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने तो गंज सावकाश खरवडता येतो आणि खालचा काळा थर शाबूत राहतो. चुकीची रसायने वापरली नाहीत, तर हे नवख्यालाही साधते.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. गोतो किंवा सोमिन यांच्यासारख्या नावांच्या खोट्या सह्या फार आहेत, त्यामुळे शाकुदोची त्सुबा घेताना जपानी तलवार-कला संरक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे मी सुचवेन. बिनसहीच्या लोखंडात नावाचा मोह नसतो आणि डोळा कामावरच राहतो. तिथे धोका ओतीव नकलांचा असतो. त्यासाठी आरपार कोरलेल्या भोकांच्या आतल्या भिंती भिंगातून पाहाव्यात. कानशीच्या खुणांऐवजी बोथट कडा किंवा साच्याची शिवण दिसली तर वस्तू परत ठेवावी.

ज्यांना चित्र, कथा आणि सोन्याची लकाकी मनापासून हवी आहे, त्यांनी लोखंडावर समाधान मानावे असे मी म्हणणार नाही. निर्णयाआधी र्योगोकू येथील तलवार संग्रहालयात चालू प्रदर्शनात त्सुबा मांडल्या आहेत का ते पाहून एक चक्कर मारावी. तरीही शाकुदोच मनात भरली, तर पहिल्या खरेदीसाठी नानाकोऐवजी गुळगुळीत पृष्ठभागाची निवडावी. दाण्यांवरची झीज त्यात नसते आणि रंगाचे दोष दुकानातच दिसून येतात.