कन्नड उतारा वाचून घेणारे आपण, दुबईत न वाचता सही करतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पाच गुंठे घ्यायचे झाले तरी आपल्याकडचा माणूस महिनाभर हिंडतो. कन्नड उतारा कुणाकडून तरी वाचून घेतो, सब-रजिस्ट्रारकडून ईसी (बोजा प्रमाणपत्र) काढतो, बोजा बघतो, चतुःसीमा स्वतः चालून येतो आणि बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याला चार गोष्टी विचारतो. हाच माणूस दुबईच्या गोल्फ रिसॉर्टमधला दीड-दोन कोटींचा फ्लॅट तीन दिवसांच्या फुकट सहलीत ठरवून येतो. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा सहलींची जाहिरात आता हॉटेलांच्या हॉलमध्ये चहा-नाष्ट्यासह होते, म्हणून हे लिहिणं गरजेचं वाटलं.

बेळगावजवळच्या एका गावातल्या दोघा भावांचं प्रकरण घ्या. जमिनीचा पैसा आला होता. सेमिनारमध्ये भेटलेला एजंट सीमाभागातलाच, बोलणं अस्सल बेळगावी. गोव्याहून विमान, हॉटेल, जेवण सगळं त्याच्याकडून. पहिल्या संध्याकाळी बोटीवर जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्री केंद्रात काचेखालचं मॉडेल, मग मिनीबसनं हिरव्यागार गोल्फ कोर्सवर, तिथल्या क्लबहाऊसमध्ये दुपारचं जेवण. हा कोर्स दहा-बारा वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या दुसऱ्याच वसाहतीतला होता. ज्या जागेवर यांचा फ्लॅट होणार ती जागा बसच्या खिडकीतून दाखवली: पत्र्याचं कुंपण, त्यावर हिरव्या गवताचं चित्र, आत वाळू. "ऊन लई हाय, उतरू नका." चार वाजता दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. भिंतीवरच्या तक्त्यावर एकेका फ्लॅटवर 'विकला' म्हणून लाल टिकल्या लागत होत्या. दोन पानी इंग्रजी फॉर्म समोर आला. थोरल्यानं चष्मा काढला तेव्हा एजंट म्हणाला, "काका, पेपर काय बघत बसलाय, मी हाय की."

सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे. परक्या भाषेतला कागद विश्वासू माणसाकडून वाचून घ्यायची सीमाभागाला पिढ्यांची सवय आहे. इथं वाचून दाखवणारा विकणाऱ्याचाच माणूस होता.

तो फॉर्म नीट बघितला तर त्यात पाच गोष्टी नव्हत्या किंवा उलट्या होत्या. बिल्डरचं नावच नव्हतं, फक्त मार्केटिंग कंपनीचं होतं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक नव्हता. फ्लॅटचा क्रमांक होता, पण त्यापुढं 'बदलास पात्र' असं लिहिलेलं. गोल्फचा उल्लेख 'गोल्फ कम्युनिटी' एवढाच. खिडकीतून कोर्स दिसेल असं कुठंही नाही. आणि बुकिंगची रक्कम कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही, हे सर्वांत बारीक अक्षरात. वीस हजार दिरहम तिथंच क्रेडिट कार्डानं ओढले. उरलेले एक लाख दिरहम घरी आल्यावर मार्केटिंग कंपनीच्या खात्यात गेले आणि बँकेत कारण 'प्रवासखर्च' लिहा, असं सांगितलं गेलं. रुपयात हे सगळं अठ्ठावीस लाखांच्या आसपास. वर्षभरानं कळलं की त्या जागेवर तसा प्रकल्प नोंदलाच गेलेला नाही. एजंटचा फोन बंद होता.

हे टाळणं अवघड नव्हतं, आणि हीच गोष्ट जास्त लागते. दुबईचा कायदा या बाबतीत पुरेसा कडक आहे. 2007 च्या कायदा क्रमांक 8 प्रमाणे बांधकाम सुरू असलेल्या प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं एस्क्रो खातं (फक्त त्या प्रकल्पासाठी राखलेलं बँक खातं) लागतं आणि ग्राहकाचा पैसा त्याच खात्यात जायला हवा. एजंटच्या खात्यात नाही, बिल्डरच्या चालू खात्यातही नाही. 'दुबई रेस्ट' या सरकारी अॅपवर प्रकल्पाचं नाव घातलं की नोंदणी, बिल्डर आणि किती टक्के काम झालंय ते दिसतं. ब्रोकरचं परवानापत्रही तिथंच तपासता येतं. फ्लॅट तुमच्या नावावर चढला याचा पुरावा म्हणजे 'उकूद' नोंदणी. त्यासाठी भूमी विभागाची फी किमतीच्या 4 टक्के. आठ लाख दिरहमच्या फ्लॅटला बत्तीस हजार दिरहम, म्हणजे सात लाखांहून जास्त. ही फी सेमिनारच्या तक्त्यात सहसा नसते. सेमिनारमध्ये कर्नाटक रेराचा नंबर दाखवला तरी त्याचा दुबईतल्या प्रकल्पासाठी काही उपयोग नाही. भारताचा 2016 चा रेरा कायदा परदेशातल्या प्रकल्पाला लागू होत नाही.

कराराची भाषा बघा. इंग्रजी आणि अरबी शेजारी-शेजारी छापलेलं असतं, पण वाद झाला तर दुबईच्या न्यायालयात अरबी मजकूर धरला जातो. तेव्हा अरबी वाचणारा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला तिथला वकील हवाच. हप्ते मध्येच थांबवले तर काय, हेही आधी विचारा. बांधकाम सुरू झालेलं पण 60 टक्क्यांच्या आत असेल तर बिल्डर किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढं गेलं असेल तर 40 टक्क्यांपर्यंत रक्कम कापू शकतो. भरलेल्या रकमेच्या नव्हे, पूर्ण किमतीच्या.

गोल्फचं म्हणाल तर तो शब्दच किंमत वाढवतो, म्हणून तिथं जास्त खोलात जायला हवं. अठरा होलचा कोर्स पन्नास-साठ हेक्टर जागा खातो, वाळवंटात त्याला दररोज लाखो लिटर पाणी लागतं, आणि गवत धरायला महिनेच्या महिने जातात. त्यामुळं मॉडेलवरचा हिरवा रंग हा पुरावा नाही. जागेवर पंपहाऊस उभं आहे का, पाइप टाकलेत का, तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर बसलंय का, ते बघा. 2006 साली गोल्फपटू टायगर वूड्सच्या नावानं दुबईत गाजावाजात जाहीर झालेला गोल्फ प्रकल्प कधी पूर्ण झालाच नाही. नाव मोठं म्हणून गवत उगवत नाही. कोर्सची मालकी घरमालकांची नसते. खेळायची फी, सदस्यत्व सगळं वेगळं, आणि 'भविष्यातील टप्पा' म्हणून नकाशात मोकळी सोडलेली जागा उद्या तुमच्या खिडकीसमोर बारा मजली इमारत होऊ शकते.

कोर्स खरोखर असला तरी फ्लॅट किंवा व्हिला कुठल्या बाजूला आहे याला महत्त्व आहे. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात आणि नवख्याचा चेंडू उजवीकडं वळतो. टी (पहिला फटका मारायची जागा) पासून दीडशे ते अडीचशे यार्डांवर फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्याच्या) उजव्या अंगाला जे घर असतं, त्याच्या काचा आणि अंगणातली माणसं कायम धोक्यात. गवत कापायची यंत्रं पहाटेच सुरू होतात. रात्रीचे दिवे असतील तर बेडरूममध्ये उजेड येतो.

सहलीला जायचंच असेल तर तिकीट स्वतःचं काढा. एजंटच्या आमंत्रणपत्रात 'खरेदी न केल्यास खर्च वसूल' असं कलम असू शकतं, आणि ते नसलं तरी खाल्ल्या अन्नाची लाज वाटून माणूस सही करतो. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका; लागली तर झेरॉक्स द्या, तीवर कारण आणि तारीख लिहून. एजंटच्या कार्यक्रमानंतर दोन दिवस जास्त राहा. प्लॉट क्रमांक घेऊन टॅक्सीनं स्वतः जा. कुंपणाजवळचे वॉचमन, मजूर बहुतेक हिंदी समजतात. काम किती महिने बंद आहे ते त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. त्याच बिल्डरच्या तयार वसाहतीत रात्री आठ वाजता जाऊन एका इमारतीच्या शंभर खिडक्या मोजा, किती उजळल्यात बघा. तिथल्या रहिवाशाला सर्व्हिस चार्ज विचारा. समजा चौरस फुटाला वर्षाला 15 दिरहम आहे, तर हजार फुटांच्या फ्लॅटला 15,000 दिरहम झाले, फ्लॅट रिकामा असला तरी. '8 टक्के भाड्याची हमी' यातून हे वजा जातं का, हमी देणारी कंपनी बिल्डरचीच का दुसरी, हे लेखी घ्या. विक्रीच्या चौरस फुटांत बाल्कनी धरलेली असते, तेही वजा करून बघा. आणि सहली थंडीत काढतात. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तीच जागा वेगळी असते.

व्हिसाचं गाजर तर जुनंच. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता किमान 20 लाख दिरहमची लागते. जुलै 2025 मध्ये 'तेवीस लाख रुपयांत आजन्म गोल्डन व्हिसा' अशी बातमी पसरली होती, ती अमिरातीच्या अधिकाऱ्यांनी खोटी ठरवली.

पैसे पाठवण्याच्या बाजूनं एजंट ज्या युक्त्या शिकवतात त्यात फसणारा पुन्हा आपणच. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, बँकेतून, ए-टू फॉर्म भरून, खरं कारण लिहून. दोघा-तिघांची मर्यादा एकत्र करायची तर ते सगळे सहमालक असले पाहिजेत. क्रेडिट कार्डानं परदेशात मालमत्ता घेणं फेमात (परकीय चलन कायद्यात) बसत नाही. दहा लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केलेला आयकर) कापते: पन्नास लाख पाठवले तर आठ लाख. हा पैसा आयकर विवरण भरलं तरच परत मिळतो किंवा करात वळतो. उसाच्या उत्पन्नावर जगणारी, कधी विवरण न भरलेली माणसं इथंच घाबरतात आणि एजंट त्यांना हवाला सुचवतो. फेमाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत जातो. फ्लॅट झाल्यावर दरवर्षी विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतो. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्यानं दहा लाखांचा दंड. शिवाय दिरहम डॉलरला 3.6725 नं बांधलेला आहे. दिरहम एका रुपयानं महागला की दहा लाख दिरहमच्या हप्त्यांत दहा लाख रुपये वाढतात.

पैसे आधीच अडकले असतील तर एजंट इथला आहे हे तुमचं बळ आहे. त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलीस तक्रार होते. 2019 च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दावा लावता येतो, दोन वर्षांच्या आत. पन्नास लाखांपर्यंत दिलेली रक्कम असेल तर जिल्हा आयोगच. दुबईच्या भूमी विभागाकडं वेगळी तक्रार करा. त्यासाठी सेमिनारचं पत्रक, हॉलचा फोटो, व्हॉट्सअॅपचे आवाज-संदेश, कार्डाची पावती आणि तो दोन पानी फॉर्म जपून ठेवा. एजंट 'रिफंडसाठी' मूळ फॉर्म मागायला येतो. त्याला झेरॉक्स द्या.