द्राक्षाच्या ४०७चं घर करून घेतलं त्याचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते, वर्कशॉपचं नाव लिहिणार नाही, कारण खाली बरीच उणीदुणी काढलीयेत आणि माणसं मनानं वाईट नाहीत. नाशिकला आडगावच्या बाजूला हायवेलगत आहे एवढं पुरे.

गाडी सासऱ्यांची म्हणजे अण्णांची, टाटा ४०७ हा छोटा ट्रक, २०१३ची. अण्णांनी दहा सीझन तिच्यातून पिंपळगावची द्राक्षं वाशीला नेली, द्राक्षं संपली की कांदा. मग गुडघे गेले आणि गाडी दारात उभी राहिली. भंगारवाल्याने सांगितलेला भाव ऐकून अण्णा दोन दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा नवरा म्हणाला आपण हिचंच फिरतं घर करू, आणि मी हसले होते हे कबूल करते.

हेच वर्कशॉप घेतलं कारण हे लोक द्राक्षांसाठी रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या ट्रकच्या बॉड्या बनवतात. पफ म्हणजे आत फोम भरलेल्या पॅनलची पेटी, आत गारवा टिकतो, बाहेरचं ऊन आत येत नाही. आम्हाला वाटलं नाशिकच्या मे महिन्यात द्राक्ष टिकतं तर आपणही टिकू. ते खरंच निघालं. एप्रिलमध्ये भर दुपारी गंगापूर धरणाजवळ सावली नसलेल्या जागी गाडी उभी केली होती, बाहेर पत्र्याला हात लावला तर तवा, आणि आत कमी वीज खाणारा साधा एक बीएलडीसी पंखा लावून पोरगी झोपली. पत्र्याच्या आत नुसतं प्लाय मारून देणारे खूप आहेत, काहीजण काचलोकर भरतात, पण गाडीच्या हादऱ्यांनी ती खाली बसत जाते आणि वरचा भाग रिकामा पडतो. पफमध्ये ती भानगड नाही. ह्या कामाला पैकीच्या पैकी.

पण पहिल्या थंडीत डोंगरात हातगडला गेलो, रात्री दारं खिडक्या गच्च बंद करून झोपलो आणि पहाटे माझ्या कपाळावर टप्पकन थेंब. वर बघते तर सगळ्या छताला घाम फुटलेला. तीन माणसं रात्रभर श्वास सोडतात त्यातली वाफ जाणार कुठे, थंड जागा दिसली की तिथे पाणी होऊन बसते, आणि छताच्या लोखंडी पट्ट्या थेट बाहेरच्या पत्र्याला जोडलेल्या म्हणजे सगळ्यात थंड त्याच. परत येऊन मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले, "ताई, आमच्या बॉडीत हवा शिरली तर पार्टी बिल देत नाही." त्यांचंही बरोबर आहे. द्राक्षंही श्वास घेतात म्हणे, पण घोरत नाहीत आणि सकाळी चहा उकळत नाहीत. मग छताला झाकणवाला बारा व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन बसवला, समोरच्या भिंतीत खाली जाळी, पट्ट्यांवर आतून फोम चिकटवला. हे काम फुकट करून दिलं हेही लिहायला हवं.

आणि खरं सांगू का, सगळ्या चुका ह्याच जातीच्या होत्या. ह्यांना माल ठेवायची पेटी उत्तम येते, माणूस ठेवायची येत नाही.

बेडचंच घ्या. ड्रॉइंगमध्ये बेड आडवा काढला होता, म्हणजे गाडीच्या रुंदीत. पफ लागल्यावर आत जेमतेम पावणेसहा फूट उरलं आणि नवरा पाच नऊ. मी म्हटलं थांबा, नवऱ्याला रिकाम्या हौद्यात आडवं झोपवलं, डोकं ह्या भिंतीला टाचा त्या भिंतीला, आणि मिस्त्रींनी खडूनं त्याच्याभोवती रेघ ओढली, पंचनामा करतात तशी. वर्कशॉपमधली सगळी पोरं हसायला लागली पण बेड उभा झाला. तुम्ही करणार असाल तर खडूचं हे काम पॅनल लागायच्या आधी नक्की करा, ओटा किती उंच हवा, भांडी घासताना कोपर कुठे लागतं, सगळं.

बाथरूमला टाइल लावू म्हणाले. चालत्या गाडीत टाइल! वजन वेगळं आणि पहिल्याच खड्ड्यात तडा वेगळा. एफआरपीची म्हणजे फायबरची शीट लावून घेतली, खाली पोर्टेबल टॉयलेट, विषय संपला. फर्निचरलाही सगळीकडे अठरा एमएमचं प्लाय काढलं होतं जसं काही इंदिरानगरला टू बीएचके करतायत, भांडून भांडून बारा एमएमवर आणलं, त्यात एका शीटमागे दहाएक किलो वाचतं.

पाण्याची शंभर लिटरची टाकी अगदी मागच्या टोकाला लावली होती, नळ तिकडे म्हणून. आम्हाला त्यातलं काय कळतंय. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना अण्णा बाजूला बसलेले, गाडी नवरा चालवतोय, आणि दुसऱ्याच वळणाला अण्णा म्हणाले, "पुढं हलकी लागतीये रे, मागं काय भरलंय?" शंभर किलो पाणी मागच्या चाकांच्याही मागे लोंबतंय म्हटल्यावर पुढची चाकं हलकी पडणारच. आता टाकी कॅबिनच्या मागे आहे. बाकी स्प्रिंगचे पाटे कडक असल्यामुळे रिकामी ४०७ कशी उडत जायची ते घरच्यांना माहितीये, घराचं वजन बसल्यापासून उलट आरामात चालते, त्यामुळे पाट्यांना हात लावू दिला नाही.

सगळ्यात मोठी तक्रार वायरिंगची. इथे मी एक स्टार पूर्ण कापलाय. त्यांनी घराचं वायरिंग करणारा माणूस आणला, त्याने बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली, मध्ये फ्यूजही नाही. घरात २३० व्होल्टला ती वायर चालते हो, पण बारा व्होल्टला हजार वॅटचा इन्व्हर्टर म्हणजे ऐंशीच्या वर अँपिअर, त्या वायरीचा जीव तो केवढा. मिक्सर लावला, इडलीचं नव्हे साध्या चटणीचं वाटण, आणि बेडखालून जळका वास. पफच्या पेटीत आग लागली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार मी अजूनही करत नाही. नंतर ओळखीच्या सोलरवाल्याकडून सगळं उपसून परत केलं, पस्तीस स्क्वेअर एमएमची केबल, बॅटरीला लागूनच सव्वाशे अँपिअरचा फ्यूज. हा खर्च आमच्या खिशातून. शंभर अँपिअर अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि टपावर एक पॅनल एवढ्यात पंखे, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल आरामात होतं, फ्रिजचा हट्ट आम्ही सोडून दिलाय.

गॅसच्या कप्प्याला हवेचं भोक वर पाडलं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्यामुळे भोक तळाला आणि गाडीच्या बाहेर उघडणारं पाहिजे. सांगितल्यावर दहा मिनिटांत केलं पण सांगायला लागलं.

आता कागद. वर्कशॉपचे शेठ म्हणाले आधी बनवू, आरटीओ पासिंगचं नंतर बघू. अजिबात ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी. आम्ही पेठ रोडच्या आरटीओत फेऱ्या मारून कागद केले, आरसीवर बदल चढवला, मग इन्शुरन्सवाल्यांना कळवलं, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच पहिलं बोट ठेवतात. लायसन्सचं टेन्शन नव्हतं, गाडीचं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरल्या गाडीचं मंजूर वजन, ७,५०० किलोच्या आत आहे त्यामुळे कारचंच लायसन्स चालतं.

पैसे सव्वाचार लाख ठरले, झाले पाच लाख चाळीस हजार, त्यात वायरिंगचं परत केलेलं धरून. पंचेचाळीस दिवस सांगितले, लागले चार महिने. चूक थोडी आमचीही, गाडी डिसेंबरात दिली आणि जानेवारीपासून द्राक्षाचा सीझन, रीफरवाल्यांची रांग लागली की आमचं घर कोपऱ्यात. फोन केला की "ताई, उद्या हात लावतो." पावसाळ्यात द्या, तेव्हा ह्यांना काम कमी असतं आणि गळती तिथल्या तिथे कळते. आमची मागची खिडकी जुलैत इगतपुरीला गळली, नुसतं सिलिकॉन फासलं होतं, तेही धुळीवरच.

एवढं सगळं लिहून साडेतीन का, तर फाळक्यामुळे, म्हणजे ट्रकच्या मागे खाली पाडता येते त्या फळीमुळे. मागचा जुना फाळका आम्ही काढून टाका म्हटलं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी तो घासून, आतून सागाच्या पट्ट्या मारून, साखळ्या बदलून परत बसवला. दार उघडून फाळका खाली सोडला की ओटा तयार. जुन्या पेंटरनं त्यावर काढलेला द्राक्षाचा घड बाहेरच्या बाजूला तसाच ठेवलाय, रंगसुद्धा नवा मारला नाही. अण्णा गडावर पोचल्यावर आधी फाळका पाडतात, चहा घेऊन पाय खाली सोडून बसतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात की गाडी आमचीच. हे आम्ही मागितलं नव्हतं आणि बिलातही लावलं नाही.

बाथरूमच्या दाराची कडी अजून बसत नाही, घाटात दार आपोआप उघडतं. मंगळवारी घेऊन जायचंय, मिस्त्री म्हणालेत सकाळी दहाला या, म्हणजे आम्ही जेवूनच निघू.