सिंटर्ड ब्रेक पॅड: सहा महिने, एक पावसाळा आणि डिस्कची झीज

दीडशे सीसीची गाडी, पुढे एकच डिस्क, दोन पिस्टनचं फ्लोटिंग कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा, पिनांवर सरकणारा भाग). कंपनीचे ऑरगॅनिक (रेझिनने बांधलेल्या तंतूंचे) पॅड काढून सिंटर्ड (धातूच्या पुडीचे) बसवण्याचं कारण एकच, पाऊस. ओल्या डिस्कवर ऑरगॅनिक पॅडचा लिव्हर दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम पकड येते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटाच्या उतारावर हे चालत नाही. सिंटर्डने हा त्रास जवळजवळ संपवला. भर पावसातही लिव्हर कोरड्या रस्त्यासारखाच वागतो आणि उतारावर डिस्क तापली तरी पकड सुटत नाही.

तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. आता तसं म्हणवत नाही, कारण डिस्क.

सिंटर्ड पॅड म्हणजे मुख्यतः तांब्याची पूड दाब आणि उष्णता देऊन घट्ट केलेली. पॅड कडक, त्यामुळे तो कमी झिजतो आणि डिस्क जास्त झिजते. सहा महिन्यांनी पॅड उघडून पाहिले तर भरपूर शिल्लक, आणि फसगत इथेच होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख आत ओढलं की ते पायरीवर अडकतं. ती पायरी म्हणजे झालेली झीज. पॅडच्या पैशात डिस्क येत नाही, ती कितीतरी महाग पडते.

मोजतानाही चूक होते. व्हर्नियरचे (जाडी मोजायच्या साधनाचे) जबडे सरळ लावले तर ते न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. दोन सारखे लहान वॉशर घ्या, झिजलेल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना एकेक धरा, वरून मोजा आणि दोन्ही वॉशरची जाडी वजा करा. चार-पाच जागी मोजून सगळ्यात कमी आकडा धरा. डिस्कवर ‘मिन टीएच’ (किमान जाडी) आणि मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या जवळ आलेल्या डिस्कवर सिंटर्ड लावूच नका. आधी हे मोजायला हवं आणि मग पॅड निवडायला हवा. दुकानात मात्र हे कुणी सांगत नाही, याचा राग येतो.

पॅडच्या मागच्या पत्र्यावर दोन अक्षरं असतात. पहिलं थंड पॅडच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या पॅडच्या. एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, एच त्याहून जास्त. चांगल्या सिंटर्डवर बहुतेक एचएच असतं. पण ही चाचणी कोरड्यात होते, पावसाबद्दल ती अक्षरं काही बोलत नाहीत. पाकिटावर नुसतं ‘हाय परफॉर्मन्स’ आणि पत्रा कोरा असेल तर तो माल परत करा.

बसवताना गॅरेजमध्ये घाई होते. काळे झालेले पिस्टन तसेच आत ढकलले तर घाण सीलवर जाते. आधी ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या स्लायडर पिनला सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिन अडकली की एकच पॅड तिरका झिजतो आणि दोष पॅडला मिळतो. पिस्टन ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, ते ऑइल (डॉट 4) सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा. जुन्या ऑरगॅनिकचा थर पॉलिश पेपरने डिस्कवरून काढा. गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. मग ताशी 50 वरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा वेग कमी करा, मध्ये डिस्क गार होऊ द्या.

सिंटर्ड उष्णता कॅलिपरकडे जास्त नेतो, म्हणून जुनं ऑइल ठेवू नका. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो 155 च्या आसपास येऊ शकतो. दोन वर्षांनी बदलाच.

नुसती शहरात गाडी असेल तर ऑरगॅनिकच बरे: आवाज कमी, डिस्क जपतात. घाट आणि पाऊस नेहमीचा असेल तर पुढे सिंटर्ड. मागे ऑरगॅनिकच ठेवा, आणि चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर फडकं टाका. तेल एकदा पॅडमध्ये मुरलं की पेपर मारून उपयोग नाही, पॅड फेकावाच लागतो.