खांद्यावर दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचा पाच वर्षांनंतरचा अभिप्राय

पावसाळ्यात गोव्यातील सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) घसरून पडल्यामुळे माझ्या वडिलांच्या उजव्या खांद्याचे दोन टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) हाडापासून सुटले आणि पणजीजवळच्या एका खाजगी रुग्णालयात त्यांच्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयांविषयीचे बहुतेक अभिप्राय रुग्ण घरी परतताच लिहिले जातात. खांद्याच्या बाबतीत इतक्या लवकर काहीच ठरत नाही, म्हणून पाच वर्षे होत आल्यावर मी हे लिहीत आहे.

बाहूच्या हाडाचे डोके खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या टेंडनांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. फाटलेला भाग 5 सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा दोन अथवा अधिक टेंडन पूर्ण सुटलेले असतील, तर इजा गंभीर मानली जाते. या रुग्णालयाची सर्वांत मोलाची सेवा आम्हांला शस्त्रक्रियेच्या आधीच मिळाली. डॉक्टरांनी एमआरआय समोर ठेवून स्नायूत चरबी किती शिरली आहे हे दाखवले, कारण चरबीचे प्रमाण स्नायूच्या बरोबरीचे झाले की टेंडन शिवूनही गेलेली ताकद सहसा परत येत नाही. शिवलेले टेंडन पुन्हा सुटण्याची शक्यता बरीच आहे, दुखणे मात्र बहुधा कमी होईल, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्या वेळी हे दोन्ही एकत्र कसे घडेल, हे मला उमगले नव्हते. पुढे वाचनात आले की 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठी इजा दुर्बिणीतून शिवलेल्या 18 रुग्णांपैकी 17 जणांचे टेंडन सोनोग्राफीत पुन्हा फाटलेले आढळले होते. तरीही वर्षभराने त्यांतील बहुतेकांचे दुखणे पुष्कळ कमी झाले होते, आणि दुसऱ्या वर्षानंतर त्या सुधारणेत थोडी घट झाली होती. टाके घालण्याच्या पद्धती त्यानंतर सुधारल्या आहेत. वय, मधुमेह, धूम्रपान आणि इजा किती जुनी आहे, यांचा परिणाम मात्र आजही तितकाच होतो.

वडिलांच्या बाबतीत साधारण तसेच घडले. सहा आठवडे हात झोळीत होता, नंतर अनेक महिने फिजिओथेरपी चालली. फोंड्यातील फिजिओथेरपिस्ट बाईंनी घाई न करता आधी हात हलवणे आणि मगच ताकदीचे व्यायाम, हा क्रम कटाक्षाने पाळला. शस्त्रक्रियेच्या यशात मी त्यांचा वाटा निम्मा मानतो. आज वडील त्या कुशीवर शांत झोपतात, सदरा स्वतः घालतात, फळीवरचा डबा काढतात. डोक्याच्या वर हात नेऊन कोयता चालवणे मात्र त्यांना जमत नाही, आणि तिसऱ्या वर्षीच्या सोनोग्राफीत एक टेंडन पुन्हा सुटलेले दिसले.

माझी खरी तक्रार इथेच आहे. ही सोनोग्राफी आम्ही आपणहून करून घेतली. पहिल्या वर्षानंतर रुग्णालयाने एकदाही विचारपूस केली नाही. ज्या उपचाराचा निकाल वर्षांनी लागतो, त्यात एवढी उदासीनता अक्षम्य आहे, शिवाय त्यामुळे आपल्याच कामाची पारख करण्याची संधी रुग्णालय गमावते. दुसरी तक्रार खर्चाची. टेंडनाचे टाके धरून ठेवण्यासाठी हाडात बसवलेल्या छोट्या खुंट्यांची, म्हणजे अँकरांची, किंमत आधीच्या अंदाजपत्रकात नव्हती. विमा असो वा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड, अँकरांसह काय काय त्यात बसते ते आधीच लेखी घ्यावे.

रात्रीच्या दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला मी हे रुग्णालय निःशंकपणे सुचवीन. पूर्वीइतकी ताकद हवी असलेल्याने मात्र स्नायूतील चरबीबद्दल आधी विचारावे आणि मगच तारीख घ्यावी. वडिलांना सध्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. खांद्याचे व्यायाम चालू आहेत आणि कोयत्याचे काम आता पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) करतो.