१२८ जीबीच्या कार्डात निघाले आठ

लाज वाटते, पण लिहितो. माझ्याकडे पॅनासॉनिकचा जुना जीएच२ कॅमेरा आहे, हॅक केलेला. ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको, की मूळ फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) व्हिडिओ लिहिताना सेकंदाला २४ मेगाबिटांवर अडतं आणि पॅच, म्हणजे त्यात फेरफार करणारी फाइल, टाकला की तोच कॅमेरा १७६ पर्यंत जातो. त्यासाठी दोन मेमरी कार्डं घेतली. नामांकित कंपनीचं नाव, १२८ जीबी, ९५ एमबी प्रतिसेकंद, क्लास १०, सगळं छापलेलं. स्वस्त होती, हो. पण कवडीमोल नव्हती, पाऊण किमतीला होती, आणि एवढी सूट खऱ्या मालावरही मिळते.

कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं, १२८ दिसले, झालं समाधान. कार्डातला कंट्रोलर (कारभार बघणारी चिप) जे सांगतो तेच कॅमेरा दाखवतो, आणि या भामट्यांनी नेमकं त्यालाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं.

१७६ वर रेकॉर्डिंग ४ सेकंदांत बंद. कार्डाच्या वेगामुळे थांबवलं, असा संदेश. १०० वर १७ सेकंद. ६६ वर भिंतीसमोर चालायचं, झाडाकडे वळवलं की पानांच्या बारकाव्यांनी बिटरेट (दर सेकंदाला लिहायचा डेटा) उसळायचा आणि पुन्हा बंद. मी दोष कुणाला दिला? पॅचला! तीन रात्री पॅच बदलत बसलो. शेवटी ४४ वर सुरळीत चाललं आणि मी चक्क खूश झालो.

तिथेच कळायला हवं होतं. मेगाबिटांना ८ ने भागलं की मेगाबाइट. १७६ म्हणजे २२, १०० म्हणजे साडेबारा, ४४ म्हणजे साडेपाच. ९५ चं कार्ड साडेबारावर धापा टाकतं? चौथीतला भागाकार हो! छापलेला आकडा वाचनाचा असतो, लेखनाचा वेग कमीच, हे मलाही ठाऊक होतं. पण इतका कमी? अर्थात हॅक केलेला कॅमेरा अडला की बोट हॅककडेच जातं. तुमचंही गेलं असतं.

मग आत्याची मुलाखत घेतली. १ तास ४० मिनिटं. कॅमेऱ्यात सगळ्या क्लिप दिसत होत्या. संगणकावर पहिली २४ मिनिटं नीट, पुढे काही उघडेना. एच२टेस्टडब्ल्यू, म्हणजे कार्ड भरून परत वाचून तपासणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर, लावलं: ७.४ जीबी शाबूत, बाकी हवेत, लेखनवेग ९.६ एमबी. म्हणजे क्लास १० चे किमान १० सुद्धा नाहीत. दुसऱ्या कार्डाची तीच गत. कार्ड आलं त्याच दिवशी ते काठोकाठ भरून परत वाचून बघा. मॅक किंवा लिनक्सवर त्यासाठी एफ३ नावाचं सॉफ्टवेअर आहे. चार-पाच तास जातील, जाऊ द्या.

मी ४१ व्या दिवशी तक्रार केली, मुदत १० दिवसांची. तरी विक्रेत्याने औदार्याने क्षमतेचा फोटो मागवला. पाठवला. उत्तर: ‘१२८ जीबी दिसत आहे, वस्तूत दोष नाही.’ अहो, तोच तर दोष आहे! चाचणीचा निकाल पाठवला, तर बाहेरचं सॉफ्टवेअर ग्राह्य नाही म्हणे. ज्या कंपनीचं नाव छापलंय ती म्हणाली, क्रमांक आमचा नाही, सबब विषय आमचा नाही. तुमच्या नावाने कुणी बनावट माल विकतंय, याचं काहीच नाही? कॅमेरावाल्यांनी ‘फर्मवेअर बदललंय’ एवढं ऐकून फोन ठेवला. सायबर शाखेतल्या साहेबांनी विचारलं, ‘डेटा चोरीला गेला का?’ म्हटलं, चोरीला नाही, लिहिलाच गेला नाही. ‘मग गुन्हा कसला?’ दोन तास बाकावर बसून हे ऐकलं.

कार्डावर यू३ किंवा व्ही३० चं चिन्ह म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लेखन, १७६ ला तेच बघा. पण शाई स्वस्त असते, चिन्हं कुणीही छापतो. मुदत संपेपर्यंत वेष्टन टाकू नका, मी टाकलं. आणि पहिली चाचणी भिंतीसमोर नको, झाडासमोर.

आत्या दर रविवारी विचारते, ‘माझा पिक्चर कुठवर आला रे?’ एडिटिंग चालू आहे, म्हणतो.