वावरातल्या व्हर्टिकलसाठी एलिव्हेटेड रेडियलचा किट, घ्यावा का?

हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडच्या (7 मेगाहर्ट्झच्या) व्हर्टिकलचे, म्हणजे उभ्या अँटेनाचे, रेडियल, म्हणजे तिच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा, जमिनीवर अंथरले तर आमच्या यवतमाळकडच्या वावरात टिकतच नाहीत, रोटाव्हेटर फिरला की तारा गुंडाळून जातात. म्हणून रेडियल जमिनीपासून उंच बांधायचा हा किट ऑनलाइन मागवला. मधली प्लेट, चार इन्सुलेटेड तारा, इन्सुलेटर आणि दोरी, एवढंच येतं.

काम भारी करतो हे आधीच सांगतो. जमिनीत साठेक तारा पुरून जे मिळतं त्याच्या जवळपास या चार तारांत मिळतं, कारण परतीचा करंट मातीत न मुरता तारेतूनच येतो. तारा साडेदहा मीटरच्या देतात, पण इन्सुलेशनमुळे डिप, म्हणजे अँटेना सगळ्यात चांगली जुळते ती फ्रिक्वेन्सी, 7 मेगाहर्ट्झच्या खाली दिसतो, मग चारही सारख्या कापत कापत 10 मीटरच्या आसपास आणा, एक लांब एक आखूड ठेवू नका. तारा आडव्या असल्या की एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचं माप, 1 म्हणजे उत्तम) 1.4 च्या घरात येतो, रेडिओला तेवढं चालतं, थोड्या उतरत्या बांधल्या तर अजून सुधारतो.

किटच्या कागदावर उंची 2 मीटर लिहिलीय, आपल्याकडे ती पुरत नाही हो, कापसाची भरलेली गाडी खालून गेली पाहिजे, आणि ट्रान्समिट करताना तारेच्या टोकाला व्होल्टेज जबरदस्त असतं, माणूस काय बैल काय, कोणाचाच हात-तोंड लागायला नको. मी 3 मीटरच्या बल्ल्या लावल्या. वानरं येऊन लोंबकळतात तरी तार तुटली नाही, प्लेटही हलली नाही, मजबुतीला पूर्ण मार्क. दोरी मात्र बेकार, मे महिन्याच्या उन्हात कडक होऊन तुटते, काळी यूव्हीवाली दोरी वेगळी घ्या.

खरी तक्रार चोकची, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणाऱ्या भागाची. चोक देतच नाहीत, आणि तो नसला की कोॲक्सचं, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलचं, बाहेरचं जाळीचं आवरणच पाचवा रेडियल होऊन बसतं, शेजारच्या झटका मशीनची (कुंपणात करंट सोडणाऱ्या) टकटक सरळ रेडिओत. फेराइट रिंगवर कोॲक्सचे वेढे घालून फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) लावला तेव्हा ती बरीच दबली. एवढ्या पैशात हे त्यांनी द्यायलाच पाहिजे होतं.

रात्री इंडोनेशिया, युरोप छान ऐकू येतं. पण दिवसा नागपूर-पुणे गप्पाच मारायच्या असतील तर हा किट घेऊ नका, त्याला कमी उंचीचा डायपोलच (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) बरा. आणि पावसाळ्यात ढग गडगडले की कोॲक्स रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा, मोकळ्या वावरात सगळ्यात उंच ही अँटेनाच उभी असते.