'क्लोज-अप'ची ब्लू-रे : आवाज तुटला तरी केबल हलवू नका

इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींच्या 'क्लोज-अप' चित्रपटाची ही डिस्क चित्रपट मंडळाच्या खेळात लावायची असेल, तर सर्वांत आधी सांगायची गोष्ट शेवटच्या दृश्यातली आहे. कैदेतून सुटलेला हुसेन सब्जियान बाहेर येतो. ज्याचं नाव लावून त्यानं एका घराला फसवलं, तो दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ समोर उभा. सब्जियानला रडू कोसळतं, दोघं मोटरसायकलवरून निघतात आणि नेमका आवाज तुटायला लागतो. अर्धं वाक्य, मग काहीच नाही, मग पुन्हा दोन शब्द. सभागृहातला मशीनवाला इथं हमखास उठतो आणि केबल हलवतो. बिघाड डिस्कमध्ये नाही, स्पीकरमध्येही नाही. शूटिंग करणारी मंडळी माईक जुना झाल्याचं बोलताना ऐकू येतात, पण ही तूट मुद्दाम केल्याचं किआरोस्तामींनी नंतर सांगितलं. तेव्हा मशीनवाल्याला आधीच बजावून ठेवा.

गाजलेले चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं २०१० मध्ये काढलेली ही आवृत्ती. मूळ चित्रपट १९९० चा, ९८ मिनिटांचा. प्रकरण खरं आहे. तेहरानमधला गरीब, सिनेमावेडा सब्जियान बसमध्ये मखमलबाफच्या एका चित्रपटाची पटकथा वाचत होता. शेजारी बसलेल्या आहनखाह घराण्यातल्या बाईंना त्यानं सांगून टाकलं, हे मीच लिहिलंय. तिथून तो त्यांच्या घरात शिरला, तुमच्या घरात शूटिंग करू म्हणाला. पकडला गेला. बातमी वाचून किआरोस्तामी कॅमेरा घेऊन पोहोचले आणि आरोपी, फिर्यादी, पत्रकार सगळ्यांनी आपापलीच भूमिका केली. आपल्याकडे बहुरूपी फौजदाराच्या वेशात दारात येतो, दंड मागतो, आपण हसून पैसे देतो, कारण सोंग आहे हे दोघांनाही माहीत असतं. इथं घरच्यांना माहीत नव्हतं. फरक एवढाच, आणि त्यासाठीच कोर्ट.

डिस्कचा खरा कस या कोर्टाच्या दृश्यात लागतो. बाकी चित्रपट ३५ मिमी रुंदीच्या फिल्मवर, सुनावणी मात्र अरुंद १६ मिमीवर. त्यामुळे चित्र एकदम दाणेदार, फिकट होतं. ब्लू-रेवर हा फरक स्वच्छ दिसतो आणि तो दिसायलाच हवा. किआरोस्तामी सब्जियानला सांगतात की दोन कॅमेरे आहेत, त्यातला एक फक्त तुझ्या चेहऱ्यावर. कोर्टाला पटणार नाही ते या कॅमेऱ्याला सांग. पण दाणे दिसले म्हणून हे सगळं अस्सल, असंही समजू नका. न्यायाधीश निघून गेल्यावरही चित्रीकरण चालूच राहिलं आणि न्यायाधीशांचे शॉट संकलनात मध्ये बसवले. दुसऱ्यांदा बघताना न्यायाधीश आणि सब्जियान एकाच चौकटीत कधी आहेत, तेवढंच मोजत बसा. चित्रपटाची अर्धी किल्ली तिथं सापडते.

म्हणून प्रोजेक्टरवरचं 'नॉइज रिडक्शन' आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग दोन्ही बंद करा. चालू राहिलं तर दाणे पुसले जातात, १६ आणि ३५ सारखेच दिसतात, चेहरे मेणाचे होतात. चौकट जुन्या टीव्हीसारखी, १.३३ : १. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणार. 'पडदा भरत नाही' म्हणून कुणी चित्र ताणतं, कुणी झूम करतं; झूममध्ये खालच्या सबटायटलची ओळ कापली जाते. आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. हॉलच्या अँप्लिफायरवर घुमणारा 'सराउंड' परिणाम चालू असेल तर सब्जियानचं पुटपुटणं विरघळून जातं. तोही काढा.

आता खरेदीची अडचण. ब्लू-रे डिस्कना जगाच्या विभागांनुसार, म्हणजे रीजननुसार, कुलूप असतं. ही ब्लू-रे रीजन ए ची, भारत पडतो रीजन सी मध्ये. इथल्या साध्या प्लेअरवर ती लागणार नाही. दुकानात 'मल्टी-रीजन' म्हणून दाखवलेले बरेच प्लेअर फक्त डीव्हीडीपुरते मोकळे असतात, ब्लू-रेला कुलूप तसंच राहतं. पैसे देण्याआधी रीजन ए ची डिस्क समोर लावून घ्या. संगणकाचा ब्लू-रे ड्राइव्ह हा दुसरा मार्ग. पण सॉफ्टवेअरमध्ये रीजन मोजक्याच वेळा बदलता येतो, शेवटचा निवडला की तोच कायमचा. आणि घरी बघायचा परवाना म्हणजे सभागृहात दाखवायचा परवाना नव्हे. मंडळाचा खेळ असेल तर हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते.

सबटायटल फक्त इंग्रजीत, ही मोठी उणीव. कोर्टात माणसं एकमेकांना तोडून बोलतात, ओळी भरभर सरकतात. लातूर-नांदेडच्या मिश्र प्रेक्षकांसाठी कोण कोण आहे याचा अर्ध्या पानाचा मराठी कागद खुर्चीवर ठेवला तर काम भागतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी सबटायटलवर येतात.

ही डिस्क घ्यावीच असं वाटायला लावतो तो जोडीला दिलेला किआरोस्तामींचाच १९७४ चा 'द ट्रॅव्हलर'. फारसी नाव 'मोसाफेर', म्हणजे आपला मुसाफीरच. फुटबॉलचा सामना बघायला तेहरान गाठू पाहणारा लहान गावातला पोरगा. रिकाम्या कॅमेऱ्यानं शाळेतल्या पोरांचे 'फोटो' काढून पैसे जमवतो, आणि सामन्याच्या वेळी झोपून जातो. प्रत ओरखड्यांची आहे, 'क्लोज-अप'इतकी साफ केलेली नाही. तरी हाच आधी लावा. सब्जियान कोर्टात स्वतःला याच पोराशी जोडतो, आणि 'क्लोज-अप'च्या शेवटी वाजणारं संगीतही इथूनच घेतलंय. आधी पाहिलेलं नसेल तर दोन्ही गोष्टी कोरड्या जातात. मध्यंतर या दोन चित्रपटांच्या मध्ये ठेवा. 'क्लोज-अप' मधोमध तोडू नका. वीज गेलीच तर निदान प्रोजेक्टर यूपीएसवर असू द्या, आणि चॅप्टरचा आकडा कागदावर टिपून ठेवा.

महरनाझ सईद-वफा आणि जॉनथन रोझेनबाउम यांची चित्रपटासोबत चालणारी चर्चा (कॉमेंटरी) अभ्यासकांना उपयोगी. पहिल्यांदा बघणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. किआरोस्तामींवरचा लघुपट एकदा बघण्यापुरता. सब्जियानवरचा १९९६ चा 'क्लोज-अप लाँग शॉट' मात्र जड जातो. त्यात पडद्यानं नाव दिलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते तो स्वतःच सांगतो. तो त्याच संध्याकाळी लावू नका, पुढच्या महिन्याच्या खेळाला राखून ठेवा.